हाक, पडसाद आणि कल्याणच्या तबकड्या

सातपुड्याच्या कड्यासमोर हाक मारली की ती थोड्या वेळाने परत येते. त्या वेळावरून कडा किती दूर आहे ते काढता येते. रडारचे तत्त्व हेच. फक्त तेथील हाक रेडिओलहरींची असते आणि सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते.

अडचण अंतराची आहे. अंतर दुप्पट झाले तर पडसाद निम्मा होईल, असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात जाताना लहर पसरून चौथाई उरते आणि परतताना त्याचीही चौथाई. हाती येतो सोळावा हिस्सा. म्हणून लांबचे हेरावयाचे तर हाक दांडगी, तबकडी मोठी आणि कान तिखट हवा. दुसऱ्या महायुद्धात सरकारांनी यावर पाण्यासारखा पैसा ओतला. (असा पैसा गिरणीकामगारांच्या चाळींसाठी कधी निघत नाही, ही गोष्ट वेगळी.) १० जानेवारी १९४६ रोजी अमेरिकन सैन्याच्या तंत्रज्ञांनी थेट चंद्राला हाक मारली, अडीच सेकंदांनी पडसाद आला.

आम्हांस यांतील कान अधिक मोलाचा वाटतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये इंग्लंडमधील रडारांत एकाएकी खरखर भरली. जर्मनांचा अडथळा समजून चौकशी झाली, तो खरखर सूर्याकडून येत असल्याचे निघाले! सिडनीच्या सरकारी प्रयोगशाळेत युद्धात रडार घडविणारी मंडळी पुढे सूर्याचाच आवाज ऐकत बसली. तेथे १९५३ साली गोविंद स्वरूप शिकावयास गेले. सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या मोडीत निघणार असे कळताच त्यांनी त्या भारतासाठी मागितल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६५ साली त्या कल्याणजवळ उभ्या केल्या. जळगावहून मुंबईस जाणारी आपली गाडी त्याच कल्याणवरून जाते.

त्या मोडीवर हात बसलेल्या मंडळींनी पुढे नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभारल्या. त्यांना पत्रा नाही; ताणलेल्या तारांवर जाळी आहे. वारा आरपार जातो, पोलाद कमी लागते.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली यान मंगळावर उतरत होते. यान स्वतःच बोलत असले म्हणजे पडसाद नको; प्रवास एकेरी, म्हणून दुप्पट अंतरास चौथाई तरी उरते. तो क्षीण आवाज मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता, तरी पावणेदहा मिनिटांचा प्रवास करून आलेला तो खोडदने पकडला. उतरण्याच्या जरा आधी तो तुटला. यान आपटल्याचे पुढे छायाचित्रांतून दिसले.