धसका घेतलेले हृदय

मराठीत एखादा माणूस दुःखाने 'हाय खाऊन' गेला असे म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात अलंकार नसतो. कर्ता मुलगा गेल्यावर खचलेली आई किंवा जन्माची सोबत सुटलेला वृद्ध थोड्याच दिवसांत मागोमाग का गेला, याचे ते साधे, सर्वांना पटणारे कारण असते. धसका घेणे, काळजात धस्स होणे, हातपाय गळणे, पोटात गोळा येणे हे शब्दप्रयोगही मनाची अवस्था शरीराच्या खुणांनीच सांगतात, आणि तोंडचे पाणी पळणे हे तर अक्षरशः खरे आहे, कारण भीतीच्या क्षणी लाळ स्रवण्याचे प्रमाण घटते. वैद्यकाने मात्र दुःखाने हृदय निकामी होते ही समजूत दीर्घकाळ गंभीरपणे घेतली नाही, आणि त्यात त्याचा सर्वस्वी दोषही नव्हता, कारण अशी इजा होते असे म्हणायचे तर ती डोळ्यांना दिसायला हवी होती. ती स्पष्ट दिसणारा एक आजार हिरोशिमा येथील हिकारू सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली वर्णिला.

या रुग्णांच्या छातीत एकाएकी तीव्र वेदना होत असत, श्वास कोंडत असे, ईसीजीवर हृदयविकाराच्या झटक्यात दिसतात तसे बदल दिसत आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारे ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढलेले आढळे. परंतु हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची अँजिओग्राफी केली असता झटक्याचा उलगडा होईल असा अडथळा सापडत नसे. विलक्षण दिसत असे ते हृदयाचे स्पंदन. शरीरभर रक्त ढकलणारा खालचा डावा कप्पा, ज्याला डावे निलय म्हणतात, त्याचा वरचा भाग जोमाने आकुंचन पावत असे, तर खालचे टोक फुग्यासारखे फुगून जवळजवळ निश्चल राहत असे. अरुंद गळ्याच्या आणि गोल बुडाच्या ज्या भांड्यात जपानी कोळी ऑक्टोपस पकडतात त्याला ताकोत्सुबो म्हणतात, आणि फुगलेल्या निलयाचे चित्र हुबेहूब त्या भांड्यासारखे दिसल्यामुळे आजारालाही तेच नाव पडले. पुढे जगभर त्याला 'भग्नहृदय' असेही म्हटले जाऊ लागले, कारण अनेक रुग्णांच्या बाबतीत वेदना सुरू होण्याच्या काही तास आधी निकटच्या माणसाचा मृत्यू, भीषण भांडण, अपघाताची बातमी किंवा प्राणांतिक भय अशी एखादी घटना घडून गेलेली होती.

मनातील आघात हृदयाच्या टोकापर्यंत कसा पोहोचतो, याची वाट आता बरीचशी उलगडली आहे. मेंदूतील भावनांशी निगडित केंद्रे धोक्याची सूचना देताच अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे इच्छेविना चालणाऱ्या मज्जाव्यवस्थेचा शरीराला लढण्यास किंवा पळण्यास सज्ज करणारा भाग, कार्यान्वित होते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. एरवी हेच रसायन हृदयाला वेग देते. २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी भावनिक आघातानंतर दाखल झालेल्या १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या रुग्णांच्या रक्तात ॲड्रेनॅलिन व त्याच्या जातकुळीची रसायने प्रत्यक्ष हृदयविकाराचा गंभीर झटका आलेल्यांपेक्षाही दोन ते तीन पटींनी अधिक आढळली. ॲड्रेनॅलिन ग्रहण करणारी काही विशिष्ट केंद्रे निलयाच्या टोकाशी अधिक दाट असतात आणि मात्रा अतोनात वाढली की हीच केंद्रे उलट दिशेने काम करून स्नायूला थोपवतात, असे एक मत प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे मांडले गेले आहे. ते खरे ठरले तर टोकाचे थिजणे हा अतिरेकी माऱ्यापासून स्नायूला वाचवण्याचा हृदयाचाच प्रयत्न मानावा लागेल.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतील १,७५० रुग्णांपैकी जवळजवळ ९० टक्के स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६६ वर्षांच्या पुढे होते, त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे संरक्षण कमी होणे हे एक कारण असावे, असा तर्क केला जातो. त्याच नोंदवहीत भावनिक आघात सुमारे २८ टक्के रुग्णांत, तर शस्त्रक्रिया, दमा, संसर्ग यांसारखा शारीरिक आघात त्याहून अधिक, म्हणजे ३६ टक्के रुग्णांत आढळला, आणि अनेकांच्या बाबतीत कोणतेच निमित्त सापडले नाही. 'भग्नहृदय' हे नाव कितीही हृदयस्पर्शी असले तरी ते अपुरे आहे, हे यावरून ध्यानात येते. भावनिक निमित्त असलेल्या थोड्या रुग्णांत तर ते निमित्त दुःखाचे नव्हे, आनंदाचे होते.

आघात एकट्यादुकट्यावर न येता संपूर्ण शहरावर येतो, तेव्हा हा संबंध आकड्यांतही उमटतो. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला, तेव्हा एरवी दिवसाला सरासरी चार-पाच असणारे हृदयविकाराचे आकस्मिक मृत्यू त्या एका दिवशी २४ वर गेले, आणि त्यांपैकी अवघे तीन असाधारण शारीरिक श्रमांच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच ओढवले होते. बाकीच्यांवर ना भिंत कोसळली होती ना त्यांनी ढिगारा उपसला होता. पुढच्या काही दिवसांत असे मृत्यू नेहमीपेक्षाही कमी झाले, यावरून मूळचे दुर्बल हृदय असलेल्यांना भूकंपाच्या भयाने अगोदर गाठले, असा अर्थ लावला गेला.

परंतु बहुतेकांच्या वाट्याला भूकंप येत नाही. येते ती रोजची, न संपणारी ओढाताण, आणि तिची खूण शोधणे अधिक अवघड असते. ओहायो स्टेट विद्यापीठातील जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ साली ती एका लहानशा जखमेत शोधली. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या व उत्पन्नगटाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटर रुंदीची सारखीच जखम करण्यात आली आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात हे मोजण्यात आले, तेव्हा सेवा करणाऱ्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. जखम भरण्याच्या आरंभी पांढऱ्या पेशींनी एकमेकींना हाक द्यावी लागते, आणि ती हाक देणारे रसायन या स्त्रियांच्या पेशी कमी प्रमाणात बनवत होत्या. दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणात वाढलेले कॉर्टिसोल हे संप्रेरक या कामात आडकाठी आणते, हे इतर संशोधनातूनही दिसले आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे किंवा पतीचे वर्षानुवर्षे करणाऱ्या, आणि 'तिला काय झाले आहे, ती तर घरीच असते' असे ऐकून घेणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या दृष्टीने हे नऊ दिवस फार मोलाचा पुरावा आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद अग्रगण्य मानला आहे. तेथे शब्द रोग निर्माण करण्याचा नसून रोग वाढवण्याचा आहे, आणि हा भेद आजही जपण्यासारखा आहे.

तो जपला नाही तर मनालाच अपराधी ठरवण्याची चूक घडते. जठरव्रण, म्हणजे पोटातील अल्सर, हा चिंतातुर स्वभावाचा परिणाम असल्याचे अनेक दशके रुग्णांना ऐकवले गेले. मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी त्यामागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवून दिले आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या बाजूने, हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य आलेल्या रुग्णांत पुढील काही महिन्यांतील मृत्यू अधिक असतात, हे १९९३ साली मॉन्ट्रियल येथील अभ्यासाने दाखवले असले, तरी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे २,५०० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत समुपदेशनाने नैराश्य उतरले, पण मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके घटले नाहीत. नैराश्य उतरणे हाच एक उपचार आहे. माणसाचे दुःख हलके करण्यासाठी त्याचे आयुष्य लांबल्याचा दाखला मागण्याचे कारण नाही.

ताकोत्सुबोच्या बाबतीत तर घाईने काढलेला निष्कर्ष जिवावर बेतू शकतो. शोकग्रस्त घरातील साठीपुढच्या स्त्रीच्या छातीत दुखू लागले की पित्त झाले असेल, रडून रडून थकवा आला असेल, टेन्शनमुळे असेल, असे म्हणून तिला पाणी पाजून निजवले जाते. वास्तविक हा आजार आणि धमनी तुंबून आलेला झटका यांतील फरक घरी बसून किंवा नाडी पाहून कळत नाही, तो ईसीजी, रक्ततपासणी, इकोकार्डिओग्राम आणि बहुधा अँजिओग्राफी झाल्यावरच कळतो, आणि ताकोत्सुबोमध्येही आरंभीच्या दिवसांत फुप्फुसांत पाणी साचणे, रक्तदाब कोसळणे असे धोके झटक्याइतकेच असतात.

हे दिवस निभावले की निलयाचे फुगलेले टोक काही आठवड्यांत पुन्हा आकुंचन पावू लागते आणि इकोकार्डिओग्रामचा अहवाल हृदयाचे कार्य पूर्ववत असल्याचे सांगतो. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथील संशोधकांनी २०१८ साली अशा बऱ्या झालेल्या रुग्णांना वर्षभराहून अधिक काळानंतर पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी अनेकांना अजूनही दम लागत होता, व्यायामाची क्षमता घटलेली होती आणि हृदयस्नायूच्या ऊर्जानिर्मितीतही उणीव राहिली होती. अहवाल चांगला आला असे घरचे सांगत असताना जिना चढताना मध्येच थांबणारी ती स्त्री मनाचे खेळ करत नसते.