चित्ता गेला, पळ राहिला

रेहेकुरीच्या माळावर काळविटांचा कळप चौखूर उधळलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मनात आलेला प्रश्न अगदी बाळबोध होता : इतक्या काटकुळ्या पायांत एवढा जोर येतो कुठून?

खरे तर तो पायांच्या खालच्या भागात नसतोच. पळण्याचे मोठे स्नायू वर, मांड्यांत आणि खांद्यांत असतात. खाली उरतात हाडे, कातडी आणि लांबच लांब कंडरा. कुऱ्हाड दांड्याने धरून हलवून पाहा, मग पात्याजवळ धरून हलवा. फरक मनगटच सांगेल. टोकाला हलका असलेला पाय झटकन झुलतो. शिवाय पाय टेकला की कंडरा रबरासारख्या ताणल्या जातात आणि उचलताना त्यातली बरीच शक्ती परत देतात.

दुसरी गंमत गोठ्यातही दिसेल. गाईच्या मागच्या पायाचा जो ‘उलटा गुडघा’ आपण समजतो, ती तिची टाच! खरा गुडघा वर, पोटाजवळ. गाय काय, काळवीट काय, जन्मभर बोटांच्या टोकांवर उभी असतात. खूर म्हणजे नखच की. त्यामुळे पाय लांबतो, ढांग वाढते. आपल्या गळ्याखाली असते ते आडवे हाड त्यांना नसते. खांद्याचे पाते नुसते स्नायूंनी बांधलेले, म्हणून तेही ढांगेबरोबर पुढेमागे सरकते.

हा सारा खटाटोप कोणासाठी? काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळते. एवढा वेग लांडग्याकडे नाही. तो होता चित्त्याकडे. धनुष्यासारखा वाकणारा कणा, जमीन पकडणारी नखे, वळताना तोल सावरणारी शेपटी. दम मात्र काहीशे मीटरांचा. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत असत. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले. रेहेकुरीच्या काळविटामागे मात्र आज चित्ता नाही, तरी त्याचे शरीर अजून चित्त्याच्याच हिशेबाने बांधलेले आहे.

मला काळजी वाटते ती जमिनीची. काळविटाला लांबवर दिसावे लागते, पुढे मोकळे रान लागते. आपण अशा माळाला ‘पडीक’ म्हणतो आणि पुण्यकर्म समजून त्यावर झाडे लावतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले हे रेहेकुरी अभयारण्य १९८० सालचे. क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर. ते चौकोनी आहे असे धरून मी हिशेब मांडला. भरवेगातले काळवीट या टोकापासून त्या टोकाला साधारण ६६ सेकंदांत पोचेल. पुढे कोणाची तरी ज्वारी उभी असणार, आणि ती राखायला त्या शेताचा धनीही.