खरं सांगण्याची सोय

29 ऑगस्ट 1868 या तारखेचं सावित्रीबाई फुले यांचं एक पत्र आहे. पत्ता माहेरचा: नायगाव, पेटा खंडाळा, जिल्हा सातारा. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार समाजातली मुलगी यांचं प्रेम जमलं होतं आणि सारजाला सहा महिने झाले होते. गावकऱ्यांनी दोघांना पकडून मारत-झोडत गल्लीतून फिरवलं. त्यांचा जीवच घ्यायचा बेत होता. सावित्रीबाई धावल्या, खून केलात तर इंग्रज सरकार सोडणार नाही असं त्यांनी जमावाला बजावलं आणि दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिलं.

खंबाटकी घाटाच्या आणि नीरेच्या मधल्या या तालुक्यात दीडशे वर्षांपूर्वी दिवस गेलेल्या मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असे, ते या पत्रातून कळतं. आज त्याच पट्ट्यातली बाई गर्भपातासाठी रुग्णालयात जाते तेव्हा भूलतज्ज्ञ तिला विचारतो: शेवटचं कधी खाल्लं? किती महिने झाले? आधी काही गोळ्या घेतल्या का? प्रश्न साधे आहेत, पण त्यांची खरी उत्तरं देता येण्यासाठी आधी पुष्कळ काही बदलावं लागलं.

सारजा पुण्याला गेली, त्याच्या पाच वर्षं आधी, 1863 मध्ये, फुले दाम्पत्याने राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्या प्रकरणाने दोघांना अस्वस्थ केलं होतं. विधवांनी गुपचूप यावं आणि सुखरूप बाळंत व्हावं अशी ती सोय होती. 1875 मध्ये पंढरपुरातही तसंच गृह निघालं.

या गृहांत बाळंत होता येत होतं. गर्भ पाडणं मात्र गुन्हाच होता. 1860 च्या दंडसंहितेचं कलम 312 सांगत होतं की आईचा जीव वाचवण्याखेरीज दुसऱ्या कारणाने गर्भपात घडवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोटात हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात आरोपी होती. त्यामुळे सगळं व्हायचं ते अंधारात, सुईणीच्या काडीने नाहीतर कुणी दिलेल्या काढ्याने. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला 1881 मध्ये नवजात बाळाच्या हत्येसाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. त्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून बायकांवरच जी चिखलफेक झाली तिला ताराबाई शिंदे यांनी 1882 च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ने उत्तर दिलं. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. अश्लीलतेचे खटले मात्र त्यांच्या वाट्याला आले.

याच काळात भुलेचं शास्त्र वेगळ्या वाटेने पुढे जात होतं. 1847 मध्ये एडिंबराच्या जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. वेदना थांबल्या, पण एक धोका नीट उलगडायला शंभर वर्षं गेली. 1946 मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी आपल्या रुग्णालयातल्या 44,016 बाळंतिणींची नोंद तपासली. त्यांतल्या 66 जणींच्या श्वासनलिकेत भुलेच्या अंमलाखाली पोटातलं अन्न किंवा आम्ल उतरलं होतं. घट्ट अन्न अडकून दोघी गुदमरून गेल्या. ‘उपाशी पोटी या’ या सूचनेमागे ही नोंद आहे. भूल चढली की घशाची राखण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया झोपते, आणि गरोदरपणात पोटाच्या तोंडाची झडपही सैल असते.

म्हणून भूल खऱ्या उत्तरांवर उभी असते. सकाळी शेतावर जाताना अर्धी भाकरी खाल्ली हे बाईने भीतीपोटी लपवलं, तर उत्तम यंत्रंही तिला वाचवतील याची खात्री नाही. आणि चोरून आलेली बाई लपवणारच.

कायदा बदलायला महाराष्ट्रातलाच माणूस कारणीभूत ठरला. 1964 मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. 1966 अखेरीस आलेल्या अहवालाचा अंदाज होता की देशात वर्षाला सुमारे 65 लाख गर्भपात होतात आणि त्यांतले 39 लाख घडवून आणलेले असतात. 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला, 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला.

कायदा आला तरी पद्धत बराच काळ जुनीच राहिली. पिशवी साफ करणं म्हणजे धातूच्या क्युरेटने गर्भाशय खरवडणं, हेच वर्षानुवर्षं चाललं. वेदना जास्त, म्हणून पूर्ण भूल हवी आणि भूलतज्ज्ञही हवा. पुढे हाताने चालणारी निर्वात सिरिंज आणि प्लॅस्टिकची नळी आली. पहिल्या तीन महिन्यांतलं काम त्यामुळे साधारण पाच-दहा मिनिटांचं झालं. प्रोपोफॉलसारखी झटकन चढून झटकन उतरणारी औषधं आली, बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजणारा चिमटाही आला.

आता भुलेखाली गर्भपात ठरला की तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी तपासली जाते, सोनोग्राफीने आठवडे पक्के होतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं आणि ते 72 तासांच्या आत द्यावं लागतं. हलकं जेवण सहा तास आधी, तळलेलं-मटणाचं आठ तास आधी, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो अन्नातच मोजला जातो. ही गोष्ट प्रत्येकीला मुद्दाम सांगावी लागते, कारण आपल्याकडे चहा प्यायलं म्हणजे काही खाल्लं असं कुणाला वाटत नाही. दमा, फिट्स, हृदयाच्या झडपेचा आजार, आधीचं सिझर, औषधाची ॲलर्जी, घरी घेतलेला काढा, सगळं सांगायचं. मिश्री लावत असेल तर तेही. नखांचा रंग काढायचा, कारण बोटाच्या चिमट्याला तो अडथळा करू शकतो. दागिने घरी ठेवायचे. गर्भाशयाचं तोंड मऊ व्हावं म्हणून काही तास आधी मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात, तिने पोटात कळा येतात. सोबत जाणतं माणूस हवं, आणि नंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही. घरी गेल्यावर तासाला दोन पॅड भिजतील इतका रक्तस्राव सलग दोन तास झाला, ताप आला किंवा घाण वास आला, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आणि सही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची एकटीची सही पुरते. कायद्याने नवऱ्याची सही मागितलेलीच नाही. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लागते. तरीही अनेक ठिकाणी ‘मालकांना घेऊन या’ असं सांगून बाईला परत पाठवलं जातं, आणि त्यात आठवडे वाढतात. वाढलेल्या आठवड्यांबरोबर भुलेची आणि रक्तस्रावाची जोखीमही वाढते. ज्या सहीची गरज नाही तिच्यापायी बाईचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही.

सातारा-सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासात दुसरा एक गुंता आहे. 1988 मध्ये गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 वर आल्या. साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने सापळे रचून लिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना उघडं पाडलं. त्याच जिल्ह्यात 2011 मध्ये ‘नकुशी’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं मिळाली. मार्च 2017 मध्ये सांगलीतल्या म्हैसाळला होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरच्या दवाखान्यात गर्भपातानंतर एक विवाहिता दगावली, आणि तपासात ओढ्याजवळ पुरलेले 19 भ्रूण सापडले.

अशा गुन्ह्यांवर कारवाई हवीच होती. पण लिंगनिदान बेकायदा आणि गर्भपात कायदेशीर, ही रेघ लोकांच्या मनात पुसट झाली. चौकशीच्या भीतीने कित्येक डॉक्टर गर्भपातच करायला नको म्हणू लागले आणि बायका पुन्हा आडवाटेला लागल्या. गोळ्याही आल्या: मिफेप्रिस्टोनला 2002 मध्ये मान्यता मिळाली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की 2015 मध्ये देशात 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यांतले सुमारे 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. भुलेच्या टेबलापर्यंत आता थोड्याच जणी येतात. त्यांत उशीर झालेल्या आणि गोळ्यांनी गर्भपात अर्धवट राहिलेल्या जणीही असतात. तशा बाईने गोळ्यांचं लपवलं तर भूलतज्ज्ञाला रक्तस्रावाचा अंदाजच येत नाही.

2008 मध्ये मुंबईचे डॉ. निखिल दातार एका दाम्पत्यासह उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयातला दोष कायद्याची तेव्हाची 20 आठवड्यांची मर्यादा उलटल्यावर कळला होता. परवानगी नाकारली गेली. 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या बायकांसाठी मर्यादा 24 आठवड्यांवर नेली, मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही वाट ठेवली, आणि बाईचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला शिक्षा ठरवली. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क दिला आणि घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी लादू नका असं सांगितलं.

वैद्यकशास्त्र स्वतःही पुढे सरकलं आहे. पहिल्या तीन महिन्यांत निर्वात पद्धतीसाठी सरसकट पूर्ण भूल देऊ नये, गर्भाशयमुखाजवळ लिग्नोकेनचं इंजेक्शन आणि वेदनाशामक द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाई जागी राहते, बोलते, लवकर घरी जाते. भूलतज्ज्ञ रोज नसतो अशा तालुक्याच्या रुग्णालयात याचा अर्थ मोठा आहे: खंडाळ्याच्या बाईला तेवढ्यासाठी सातारा किंवा पुणे गाठावं लागू नये, दिवसाची मजुरी बुडू नये. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर, सिरिंजा आणि शेजारच्या खाटेवर ऐकू जाणार नाही अशी बोलायची खोली लागते. सरकारी रुग्णालयांत या तिन्ही गोष्टी आहेत की नाहीत, हे तालुक्यातल्या आशाताईंना विचारावं.