शेततळं: अनुदान खड्ड्याचं की पाण्याचं?

शेततळ्याबद्दल गावात दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, ‘सरकार फुकटात तळं खोदून देतंय.’ दुसरा म्हणतो, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा म्हणतात ते हेच.’ दोन्हीत निम्मंच खरं आहे.

आधी फुकटाचं बघू. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली सुरू झाली, तेव्हा ३० बाय ३० मीटर लांबीरुंदीच्या आणि ३ मीटर खोल तळ्याला जास्तीत जास्त ५० हजार रुपये अनुदान होतं. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ही मर्यादा ७५ हजारांवर गेली. पण आगाऊ छदामही मिळत नाही. पोकलेनचं भाडं शेतकऱ्याने आधी खिशातून भरायचं, काम पूर्ण झालं की मोजमाप होतं आणि मग पैसे बँकेत. शिवाय तळं नऊ गुंठे जमीन गिळतं, भराव धरला तर आणखी. त्या जमिनीचं पीक कायमचं गेलं, हा हिशेब फुकट म्हणणारा धरत नाही.

आता जिरवण्याचं. तळाला आणि उतारांना प्लॅस्टिक अंथरलं की थेंबही मुरत नाही. अंथरतात ते त्यासाठीच. असं तळं म्हणजे उघडी टाकी. मुरवायचं असेल तर बांधबंदिस्ती, समतल चर, नालाबांध हवेत, शेततळं नव्हे.

सगळ्यात मोठा गैरसमज तळं पावसाने भरतं हा. बिनअस्तराच्या, उताराच्या तोंडाशी खोदलेल्या तळ्यात वाहतं पाणी येतं, हे खरं. पण या योजनेत पाणी आत यायला आणि बाहेर जायला वाट ठेवलेली तळी होती, तशीच ती वाट नसलेलीही होती. चारी बाजूंनी भराव घातलेल्या तळ्यात पाणी येणार कुठून? थेट वरून पडेल तेवढंच, बाकी मोटारीने. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात हेच चालतं: पावसाळ्यात विहीर-बोअर भरलेले असताना उपसून तळं भरायचं आणि उन्हाळ्यात बागेला द्यायचं. बाग जगते, पण शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी त्याच उपशाने उतरते. खडकाच्या भेगांमधलं पाणी सातबारा बघून थांबत नाही. २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर बंधनं घातली, पण उपसलेलं पाणी कोणत्या तळ्यात जातं हा प्रश्न बाजूलाच राहिला.

त्यात बाष्पीभवन. मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तर ९०० चौरस मीटरच्या भरलेल्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर हवेत जातं. जमिनीच्या पोटात ते सावलीत होतं. आपणच वर काढून उन्हात ठेवलं.

म्हणून शेततळं वाईट, असंही नाही. ३० बाय ३०च्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली आणि सोयाबीन माना टाकू लागलं, तर एक हेक्टरला ५० मिलिमीटरची पाळी द्यायला ५ लाख लिटर लागतात. वाहून जाणारं पाणी अडवून भरलेलं तळं अशा वेळी पीक वाचवतं. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचं उदाहरण सगळे देतात, पण तिथे १९९६पासून इंडो-जर्मन कार्यक्रमात पाणलोटाचं काम झालं आणि बागांबरोबर तळी वाढली ती मुख्यतः त्यानंतर, हा क्रम कोणी सांगत नाही.

माझ्या मते अर्जात लांबी, रुंदी, खोलीइतकाच ठळक आणखी एक रकाना हवा: तळं कशाने भरणार? उतारावरच्या पाण्याने भरणाऱ्याला जास्त अनुदान द्यावं. बोअरने भरणाऱ्याला द्यायचंच असेल तर फळबागेची मदत म्हणून द्या, जलसंधारणाच्या खात्यातून नको.