बुरसटलेल्या चाऱ्यातली गोळी

हृदयात धातूची झडप बसवलेल्या एखाद्या आजोबांच्या कवळीखाली बुरशीचा संसर्ग होतो. जीभ चुरचुरते, जेवण नकोसे होते. मायकोनाझोलचे जेल मिळते. दिवसातून तीन-चार वेळा तोंडात लावायचे. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसता लेप. काही दिवसांनी दंडावर काळेनिळे डाग उमटतात, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, लघवी लालसर होते. तोंडातल्या लेपाचा आणि लघवीतल्या रक्ताचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो यकृतातून जातो. जेल लाळेबरोबर थोडेथोडे पोटात उतरते, रक्तात मिसळते आणि यकृतातल्या सीवायपी-२सी-९ नावाच्या एन्झाइमला अडवते. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून आजोबा रोज संध्याकाळी एक छोटी गोळी घेतात. ती मोडीत काढण्याचे काम नेमके याच एन्झाइमकडे असते. ते अडले की रोजची गोळी शरीरात साचू लागते. डोस कोणी वाढवलेला नाही, तरी तो वाढलेला आहे.

ही गोळी म्हणजे वॉरफरिन, किंवा त्याच कुळातले असिनोकुमारॉल. भारतात झडपेच्या रुग्णांकडे बहुधा दुसरे असते. अ‍ॅसिट्रॉम म्हटले की अनेक घरांत लगेच ओळख पटते. ‘रक्त पातळ करायची गोळी’ असे सगळे म्हणतात, पण रक्त तिने पातळ होत नाही. गोठायला जास्त वेळ लागतो, इतकेच. एक औषध नीट समजून घेतले की औषधांचे सगळे शास्त्र कळू लागेल, असे औषध कोणते, असे मला कुणी विचारले तर मी हिच्याकडेच बोट दाखवीन. तिची जन्मकथाही तशीच अजब आहे.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे कापली किंवा खच्चीकरण केले की रक्त थांबतच नसे. काही जनावरे तर कसलीही जखम नसताना आतल्या आत रक्तस्राव होऊन दगावत. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्यकाने संशय चाऱ्यावर घेतला. हा चारा म्हणजे स्वीट क्लोव्हर. आपल्याकडे रब्बीच्या रानात उगवणारी रानमेथी याच वंशातली. स्कोफिल्डने एकाच गंजीतून चांगल्या काड्या वेगळ्या काढल्या आणि बुरसटलेल्या वेगळ्या, आणि त्या दोन सशांना घातल्या. चांगल्या काड्या खाल्लेला ससा ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. म्हणजे दोष वनस्पतीत नव्हता, ओल धरून तिच्यावर चढलेल्या बुरशीत होता. पण बुरशी नेमके काय करत होती, हे कळायला आणखी बरीच वर्षे जायची होती.

फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिन राज्यात बर्फाचे वादळ चालू असताना एड कार्लसन नावाचा शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन शहरात आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि बुरसटलेल्या चाऱ्याचा ढीग. त्याला सरकारी पशुवैद्यक हवा होता, पण शनिवार असल्याने ते कार्यालय बंद होते. उघडे दार सापडले ते कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचे. त्या घडीला लिंककडे एकच सल्ला होता: तो चारा घालू नका. शेतकरी हताश होऊन परतला, रक्ताचा कॅन मात्र मागे राहिला. लिंक आणि त्याचे विद्यार्थी त्या प्रश्नामागे लागले आणि १९३९ मध्ये त्यांनी त्या चाऱ्यातून शुद्ध स्फटिक वेगळे काढले: डायकुमारॉल. कापलेल्या गवताला जो गोड वास येतो त्याचे मूळ असलेल्या कुमारिन या द्रव्यापासूनच बुरशी हे विष घडवत होती. सुगंधातून विष! लिंकच्या गटाने मग त्यापासून नवनवी संयुगे तयार केली आणि त्यांतले एक १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले वॉरफरिन.

उंदरांचे विष माणसाला द्यायला कोण धजावणार? पण १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येच्या इराद्याने हेच विष खाल्ले आणि रुग्णालयात व्हिटॅमिन के देताच तो पूर्ण बरा झाला. याचा अर्थ डॉक्टरांनी ताबडतोब ओळखला: या विषाला उतारा आहे, म्हणजे ते औषध होऊ शकते. १९५४ मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली आणि १९५५ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या उपचारांतही ते होते.

ते काम कसे करते, हे मात्र १९७८च्या आसपास उलगडले. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृत तयार करते, पण ती कामाला लागण्याआधी त्यांच्यावर व्हिटॅमिन केच्या मदतीने एक शेवटचा संस्कार व्हावा लागतो. आपल्या शरीरात व्हिटॅमिन के असते अगदी थोडे. ते पुरते, कारण ते रहाटगाडग्यासारखे फिरते: काम करून रिकामे झाले की पुन्हा भरून वर येते. वॉरफरिन हा रहाट अडवते. प्रथिने तयार होत राहतात, पण संस्काराविना, आणि गोठण्याच्या कामाला निरुपयोगी.

आता यातली मौज पाहा. गोळी नवी प्रथिने बिघडवते. रक्तात आधीच फिरत असलेल्या चांगल्या प्रथिनांना ती हातही लावत नाही. ती आपापल्या गतीने संपावी लागतात. त्यांतले एक काही तासांत ओसरते, तर प्रोथ्रॉम्बिन निम्मे व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आज घेतलेल्या गोळीचा खरा परिणाम आज दिसत नाही. शिवाय रक्त गोठू न देणारी जी प्रथिने शरीर स्वतः बनवते, त्यांतलीही काही याच रहाटावर अवलंबून असतात आणि ती लवकर घटतात. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत गुठळीचा धोका उलट वाढू शकतो. म्हणूनच तातडीच्या रुग्णाला सुरुवातीला लगेच काम करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनेही देतात. दोन औषधे कशाला, असे नातेवाइकांना वाटते. पण त्यामागे हे सगळे गणित आहे.

परिणाम मोजायचा कसा? रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहून. पण ही चाचणी ज्या द्रव्याने करतात ते प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेले असे आणि प्रत्येक प्रयोगशाळेचे वेगळे, त्यामुळे एकाच माणसाचे रक्त दोन गावांत दोन आकडे दाखवी. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे समान माप आणले. ‘पीटी-आयएनआर करून या’ असे डॉक्टर सांगतात ते हेच. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांसाठी तो २ ते ३ मध्ये हवा, आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. खाली उतरला तर गुठळी, वर चढला तर रक्तस्राव. अवघ्या एका अंकाची ही वाट.

या वाटेवर राहायला कोणाला किती गोळी लागते? माणसामाणसात दहापटीचा फरक पडू शकतो. सारखे वय, सारखे वजन, शेजारीशेजारी राहणारे दोघे. एकाला दिवसाला १ मिलिग्रॅम वॉरफरिन पुरते, दुसऱ्याला १० लागते. याचे बरेचसे कारण जन्मतःच ठरलेले असते. एक जनुक ठरवते की औषध मोडणारे एन्झाइम किती चपळ, दुसरे ठरवते की रहाट अडवायला किती औषध लागेल. बाकीचे ठरते रोजच्या जगण्यातून, आणि तिथे आपले स्वयंपाकघर येते. मेथी, पालक, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर. हिवाळ्यात पालेभाज्यांची रेलचेल झाली की रहाटाला बाहेरून भरलेली गाडगी मिळतात आणि आकडा खाली येतो. उपवासांची मालिका लागली, आजारपणात नुसत्या भाताच्या पेजेवर दिवस काढले, की आकडा वर. यावरून अनेकजण पालेभाज्या कायमच्या सोडतात. ते चूक आहे. भाजी खावी, पण महिनाभराचे प्रमाण सारखे ठेवावे. गोळीचा डोस त्या ताटाला जुळवून घेता येतो.

खरी कसोटी लागते ती दुसरी औषधे आली की. आपल्या देशाला लागू पडणारे उदाहरण क्षयाचे. झडपेच्या रुग्णाला क्षय झाला आणि रिफॅम्पिसिन सुरू झाले, तर दोनेक आठवड्यांत यकृत औषध मोडणारी एन्झाइमे कितीतरी जास्त बनवू लागते. गोळी येताक्षणी मोडली जाते, आकडा कोसळतो, डोस दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त करावा लागतो. सहा महिन्यांनी क्षय बरा होतो, पेढे वाटले जातात, रिफॅम्पिसिन थांबते. आणि धोका नेमका तेव्हा सुरू होतो. वाढलेली एन्झाइमे काही आठवड्यांत मूळ पातळीवर येतात, पण गोळीचा वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर? एक औषध बंद केल्याने दुसऱ्याची विषबाधा! ज्याने क्षयाचे औषध थांबवले आणि ज्याने हृदयाचे लिहिले ते दोन वेगवेगळे डॉक्टर, कदाचित दोन वेगवेगळ्या शहरांतले. दोघांचेही चुकलेले नाही.

याच्या उलट गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन जठराचे अस्तर हळवे करतात आणि रक्तातल्या बिंबिकांना एकत्र येऊ देत नाहीत. आयएनआर नीट २.५ असतो आणि तरी पोटात रक्तस्राव होतो, कारण तो आकडा बिंबिकांची गोष्ट सांगतच नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या चार गोळ्या, ज्यांना घरात कोणी ‘औषध’ म्हणतही नाही.

हे सगळे धागे एकत्र कोणी धरायचे? या प्रश्नातून क्लिनिकल फार्मसी हे काम उभे राहिले. १९६६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतील रुग्णालयात नवव्या मजल्यावर एक प्रयोग सुरू झाला: फार्मासिस्टला तळघरातल्या औषधांच्या खोलीतून उचलून वॉर्डात, डॉक्टर-परिचारिकांच्या बरोबरीने, रुग्णाच्या खाटेपाशी आणले. मला ही वैद्यकातली मोठी क्रांती वाटते, जरी तिच्यात नवे यंत्र नव्हते की नवे औषध. आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इथे या गोळीच्या रुग्णांसाठी फार्मासिस्टच चालवतात अशी क्लिनिके आहेत. तिथला फार्मासिस्ट आकडा पाहतो, पण त्याआधी विचारतो: गेल्या आठवड्यात नवे काय सुरू झाले, काय बंद झाले, जेवण कसे आहे, तोंडाला काही लावता का? निम्मे उत्तर या चौकशीतच असते.

भारतात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयात काम करण्याचे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर औषध देताना रुग्णाला समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरवले. तरीही आपल्याकडच्या बहुतेक काउंटरवर चिठ्ठी आत जाते, पिशवी बाहेर येते आणि मध्ये एक शब्दही होत नाही. हे बदलायला हवे. हे शिकलेली मुले-मुली महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडत आहेत. त्यांना वॉर्डात जागा मिळत नाही, हा त्यांच्यापेक्षा रुग्णांचा तोटा आहे.

आता नवी औषधे आली आहेत ना, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. २०१०च्या आसपास आलेल्या डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबन यांना नेहमीच्या आयएनआरची गरज नसते आणि अनेक रुग्णांसाठी ती उत्तमच. पण धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान वापरून पाहिले तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. तो अभ्यास अर्ध्यावर थांबवावा लागला. रुमॅटिक तापाने झडपा बिघडून ठोके अनियमित झालेल्या रुग्णांवरच्या इन्विक्टस या अभ्यासात, २०२२ मध्ये, जुन्या कुळातल्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू रिव्हारोक्सॅबनच्या तुलनेत कमी निघाले. रुमॅटिक हृदयविकार आपल्या देशात अजून भरपूर आहे. म्हणजे बुरसटलेल्या चाऱ्यातून निघालेली ही गोळी इथे अजून बराच काळ लागणार.

तुमच्या घरात ती कोणी घेत असेल तर एवढे कराच. सगळ्या औषधांची यादी, वैद्याचे काढे, मलमे आणि जेलसकट, एका कागदावर लिहून खिशात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक मेडिकलवाल्याला ती दाखवा. नवे औषध सुरू झाले किंवा जुने थांबले की आयएनआर लवकर करायचा का, हे विचारा. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका आणि डोस आपल्या मनाने बदलू नका. कोणत्याही औषधाचा त्रास झाला तर तो गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे रुग्ण स्वतःही नोंदवू शकतो. फोन १८००-१८०-३०२४, आणि त्याला पैसे पडत नाहीत.