भूकंपाचा ठाव कसा लागतो?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ परिमाणाचा होता. घर हादरले की माणूस विचारतो, धक्का आला कोठून आणि किती खोलातून? भूगर्भात उतरून तर कोणी पाहिलेले नसते. मग उत्तर कसे मिळते, ते आपण पाहू.

येथे अज्ञात गोष्टी चार : अक्षांश, रेखांश, खोली आणि धक्क्याची नेमकी वेळ. प्रथम या चारींचा अंदाज करावयाचा. त्यावरून प्रत्येक केंद्रावर लाट केव्हा पोचावयास हवी होती ते काढून भूकंपमापकाच्या नोंदीशी ताडावयाचे. जो फरक उरेल, त्याचे प्रत्येक केंद्रामागे एक समीकरण होते. केंद्रे चारच असती, तर चार ओळी व चार स्तंभांची चौरस सारणी मांडून तिचा व्यस्त काढला की काम झाले असते. पण नोंदींत थोडीफार चूक असतेच. म्हणून केंद्रे अधिक घेतात. सहा केंद्रे घेतली की सारणी सहा ओळींची व चार स्तंभांची होते. तिला नेहमीचा व्यस्त नाही. एक्सेलमधील 'मिनव्हर्स'ला ती दिली, तर ते उत्तराऐवजी चूक दाखविते.

यावरील तोड फ्रेंच गणिती लजांद्र याने १८०५ साली प्रसिद्ध केली : सहाही समीकरणे तंतोतंत जुळत नाहीत, तर उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करावी. त्यासाठी ओळींचे स्तंभ करून परिवर्त सारणी घ्यावी, तिने मूळ सारणीस गुणावे. गुणाकार चार बाय चार, म्हणजे चौरस येतो. त्याचा व्यस्त काढून पुन्हा परिवर्ताने गुणले की व्यस्ताचे काम करणारी सारणी हाती येते. स्प्रेडशीटमध्ये 'ट्रान्सपोज', 'एममल्ट' व 'मिनव्हर्स' ही तीन फलने त्यास पुरतात. तिने अंदाज सुधारावा व फरक स्थिर होईपर्यंत हेच पुन्हा करावे. अशा व्यापक व्यस्ताची संख्याशास्त्रातील उपयुक्तता दाखविण्यात आपल्या सी. आर. राव यांचा मोठा वाटा आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. सर्व केंद्रे दूर असली, तर खोलीचा व वेळेचा स्तंभ जवळजवळ एकसारखे होतात. यंत्र आकडा देते, पण खोलीचा भरवसा राहत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने याच भागात भूकंपमापक बसविले, त्याचे महत्त्व यात आहे. तेव्हा खोलीचा आकडा ऐकला की केंद्रे किती जवळ होती, हेही आपण विचारावे.