नोकराचं कृत्य आणि मालकाचं उत्तर

मागच्या व्याख्यानात आपण 'दोषी असणं' आणि 'जबाबदार असणं' यांतला फरक पाहिला. त्यानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. त्यांचा भाचा लंडनला कायदा शिकतो. तिथे म्हणे एकच बॅरिस्टर वाहनांचे अपघात, कामावर झालेल्या इजा, निष्काळजीपणा आणि लहान मुलांवरचे अत्याचार, असे सगळे दावे चालवतो. 'सर, बस उलटणं आणि मुलावर अत्याचार होणं हे एका फडताळात कसं बसतं?' प्रश्न मला इतका आवडला की आजचा ठरलेला विषय बाजूला ठेवतो. मी वकील नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे, हे लक्षात असू द्या.

आधी बॅरिस्टर म्हणजे काय ते. इंग्लंडमध्ये अशिलाला भेटणं, कागद जमवणं हे मुख्यतः सॉलिसिटरचं काम. बॅरिस्टर कायदेशीर मत देतो, दाव्याची मांडणी लिहितो आणि कोर्टात उभा राहतो. त्याला एक नियम पाळावा लागतो, टॅक्सी स्टँडसारखा: आपल्या विषयातलं काम आलं आणि वेळ मोकळा असला, तर पक्षकार आवडत नाही म्हणून नाकारायचं नाही. म्हणजे आज पीडिताच्या बाजूने उभा राहिलेला माणूस उद्या शाळेच्या विमा कंपनीच्या बाजूने उभा राहू शकतो. हे काहींना खटकतं. मला नाही खटकत.

अत्याचार करणाऱ्याला तुरुंगात धाडणं हे फौजदारी कोर्टाचं काम. दिवाणी दावा असतो भरपाईचा. आणि तुरुंगात बसलेल्या माणसाकडे द्यायला बहुधा काहीच नसतं. मग प्रश्न येतो, त्याला कामावर ठेवणाऱ्या संस्थेने उत्तर द्यायचं की नाही? इंग्रजी कायद्यात याला 'व्हायकेरियस लायबिलिटी' म्हणतात. मालकाची स्वतःची चूक नसली तरी नोकराच्या चुकीची भरपाई मालकाने करायची.

हा नियम घडण्यात रस्त्यावरच्या खटल्यांचा वाटा मोठा आहे. 1862 चा एक खटला बघा. लंडनमध्ये घोड्यांच्या ऑम्निबस होत्या. एका कंपनीच्या गाडीवानाने प्रतिस्पर्धी गाडीच्या पुढे आपली गाडी आडवी घातली आणि ती उलटली. कंपनी म्हणाली, आम्ही छापील सूचना दिली होती, शर्यत लावू नका, कोणाला अडवू नका! कोर्टाने ते मानलं नाही. मनाई असली तरी गाडीवान कंपनीचंच काम करत होता, भले वाईट रीतीने. 1942 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या टँकरच्या ड्रायव्हरचा खटला आला. पेट्रोल उतरवताना त्याने सिगारेट पेटवली आणि काडी फेकली. तिथेही मालक जबाबदार ठरला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली, नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेल्या मोटारीच्या अपघातात, मॅनेजरच्या चुकीसाठी कंपनीला जबाबदार धरलं, तेही असेच इंग्रजी निकाल समोर ठेवून.

या सगळ्याचं सूत्र सामंड नावाच्या विद्वानाने 1907 च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं: नेमून दिलेलं काम चुकीच्या पद्धतीने केलं, तर मालक जबाबदार. बससाठी सूत्र उत्तम. पण मुलांच्या खटल्यात ते विचित्र वागायला लागलं.

एका विशेष शाळेचा उपमुख्याध्यापक मुलांना सहलीला स्पेनला घेऊन गेला आणि तिथे त्याने एका अपंग मुलावर अत्याचार केला. अपील कोर्ट म्हणालं, ही नेमून दिलेल्या कामाची 'चुकीची पद्धत' नव्हे, हे तर त्या कामाच्या अगदी उलट आहे. म्हणून शिक्षणखातं जबाबदार नाही. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला इथे थांबावंच लागतं. याचा अर्थ असा, की नोकराने थोडी हलगर्जी केली तर संस्था अडकते, आणि कृत्य जितकं भयंकर तितकी संस्था सुटते!

याला उत्तर सापडलं ते एका फरच्या स्टोलमध्ये. 1966 च्या खटल्यात एका बाईंचा मिंकचा महागडा स्टोल साफ करायला दिला होता. ज्याच्या हाती तो सोपवला त्या नोकरानेच चोरला. चोरी हीसुद्धा साफ करण्याच्या अगदी उलटच की! तरी कंपनीला भरपाई द्यावी लागली, कारण सांभाळायला घेतलेली वस्तू तिने त्याच माणसाच्या हाती दिली होती. मग स्टोलला जे संरक्षण, ते मुलाला का नाही?

2001 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर डॉनकास्टरजवळच्या एका वसतिगृहाचा खटला आला. तिथल्या वॉर्डनने मुलांवर अत्याचार केले होते. खालच्या कोर्टाला आधीच्या निकालामुळे मुलांविरुद्ध निर्णय द्यावा लागला होता. लॉर्ड्सनी एकमताने तो फिरवला आणि सहलीचा तो निकालही रद्दबातल ठरवला. त्यांनी बघितलं ते वॉर्डनचं रोजचं काम. मुलांना झोपवणं, उठवणं, शाळेत पाठवणं, खाऊचे पैसे देणं. संस्थेने मुलांची काळजी घ्यायचं पत्करलं आणि ती काळजी याच्या हातून घ्यायची ठरवली. कृत्य आणि काम यांचा इतका जवळचा संबंध असेल, तर संस्थेने उत्तर द्यायचं. ही कसोटी 1999 च्या कॅनडातल्या निकालावरून त्यांना सुचली होती.

आता चिठ्ठीचं उत्तर मिळालं असेल. बॅरिस्टर दोन्हीकडे तेच विचारतो: हा माणूस कोणाच्या वतीने तिथे होता, आणि ते काम त्याच्या हाती कोणी सोपवलं?

पण यातला पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एका डॉक्टरकडे बँक आपल्या नोकरीच्या उमेदवारांना तपासणीसाठी पाठवत असे. तपासणी त्याच्या घरी होई. वेळ बँक ठरवून कळवी, फॉर्म बँकेचा. पुढे 126 जणांनी तक्रार केली, बहुतेक त्या वेळच्या तरुण मुली. डॉक्टर 2009 मध्ये वारला, मालमत्ता वाटून झाली होती. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तो बँकेचा नोकर नव्हता, प्रत्येक तपासणीची फी घेणारा स्वतंत्र व्यावसायिक होता. बँक जबाबदार नाही. निकालाचा तर्क मला समजतो. पण त्या मुली बँकेच्या सांगण्यावरून त्या घरात गेल्या होत्या, आणि त्या तर्कात याला जागा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी वकील असतील, तर प्रश्नोत्तरात आधी त्यांनीच बोलावं.